सिलिकॉनच्या सूक्ष्मतारा आणि मंडळाची गच्ची

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बूढापारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले तेव्हा विषयाची निवड आमच्याकडेच सोपविली होती. बहुतेकांचा तर्क असा की, आम्ही पुन्हा एकदा बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरविषयी बोलणार. तर्क अगदीच निराधार नव्हता. तो विषय आम्ही आपणांस याच सभागृहात किती वेळा ऐकविला आहे याची गणती आता आम्हालाही नाही. परंतु पत्रिकेवर छापून आले ते 'सिलिकॉनच्या सूक्ष्मतारांपासून सौरघट', आणि तेव्हापासून तलावाच्या काठी सकाळी फिरावयास येणारी स्नेही मंडळी आमच्याकडे काळजीच्या नजरेने पाहू लागली आहेत. बी. ए. झालेल्या आणि उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेल्या माणसाने पदार्थविज्ञानाच्या अंगणात पाऊल टाकावे, हे धाडस खरेच. ते आम्ही हौसेने करीत नाही. त्यामागे एक चूक आहे, ती आमची आहे, आणि तिचा भुर्दंड आपल्या मंडळास पडला आहे.

ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत या इमारतीच्या गच्चीवर दहा किलोवॅट शक्तीचे सौरपट बसवावेत असा ठराव आला होता. पैशाची तजवीज झाली होती, गच्ची मोकळी होती, विरोध कोणाचाच नव्हता. त्या वेळी उठून 'हे तंत्र आता जुने झाले, सूक्ष्मतारांचे नवे सौरघट येऊ घातले आहेत, तेव्हा थोडे थांबावे' अशी उपसूचना मांडणारे गृहस्थ आम्हीच. आम्ही एका मासिकात त्याविषयी एक लेख वाचला होता. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला 'थोडे थांबावे' हे शब्द फार लवकर सुचतात, आणि दुर्दैवाने ऐकणाऱ्यांना ते शहाणपणाचे वाटतात. उपसूचना एकमताने संमत झाली.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. विजेचे देयक झेपेना म्हणून एप्रिल ते जून या तीन महिन्यांत दुपारी वाचनालय बंद ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. बूढापाऱ्यातील आणि तात्यापाऱ्यातील जुन्या घरांत अभ्यासाला स्वतंत्र खोली असते कोठे? ज्या मुलांना आपल्या वाचनालयातील पंखा आणि कूलर हाच आधार होता, ती मुले दोन उन्हाळे येथील बंद दार पाहून परत गेली. दहा किलोवॅटचे सौरपट रायपूरच्या उन्हात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चाळीस युनिटे देतात. वर्षाची साडेचौदा हजार होतात. तीन वर्षांची चाळीस हजारांच्या वर. एवढी वीज आमच्या एका उपसूचनेपायी डोक्यावरून निघून गेली. आज जे सांगणार आहोत ते आम्ही तेव्हाच समजून घ्यावयास हवे होते.

आमचे डोळे उघडले ते गेल्या दिवाळीत. आमच्याच पाऱ्यातील एक कन्या मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्ये संशोधन करते; ती फराळास आली होती. आम्ही मोठ्या ऐटीत तिला विचारले, "काय गं, तुमच्या त्या सूक्ष्मतारा बाजारात केव्हा येणार? आम्ही मंडळाची गच्ची राखून ठेवली आहे." ती हसली नाही. म्हणाली, "काका, थांबायचं ते आम्ही थांबू, प्रयोगशाळेत. तुम्ही गच्ची कशाला अडवून ठेवलीत?" त्यानंतर सुट्टीचे चार दिवस तिने आमची शिकवणी घेतली. पुढे जे बरोबर असेल ते तिचे, आणि उपमा चुकली असेल तर ती आमची.

प्रथम साध्या सौरघटाविषयी. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत आहे, गारगोटीत आहे. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल तेच अधिक. शुद्ध सिलिकॉन धातूप्रमाणे वीज सहज वाहू देत नाही आणि काचेप्रमाणे अगदी अडवूनही धरीत नाही, म्हणून त्यास अर्धवाहक म्हणतात. त्यात फॉस्फरसचा किंचित अंश मिसळला की इलेक्ट्रॉन जास्त होतात. बोरॉनचा मिसळला की इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा जास्त होतात. हे दोन प्रकार एकमेकांस भिडले की त्यांच्या सीमेवर एक विद्युतक्षेत्र आपोआप उभे राहते. सूर्यप्रकाशाचा कण आत शिरला, त्याने एखाद्या इलेक्ट्रॉनास जागचे उठविले, आणि तो इलेक्ट्रॉन वाटेत न अडखळता त्या सीमेपर्यंत पोहोचला, तर ते क्षेत्र त्याला पलीकडे ढकलते. बाहेर तार जोडली की वीज मिळाली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी असा पहिला कामाचा घट करून दाखविला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. म्हणजे शंभर भाग उन्हातून सहा भाग वीज. त्यावर त्यांनी खेळण्यातला एक आकाशपाळणा फिरविला. आज बाजारातील चांगला सौरपट एकवीस ते तेवीस टक्के देतो, आणि तत्त्व तेच आहे.

मग या घटात न्यून कोणते? दोन आहेत. पहिले असे की, गुळगुळीत सिलिकॉन चकाकते. पडलेल्या प्रकाशापैकी तिसरा हिस्सा ते आरशासारखे परतवून लावते. सकाळी आपला बूढातलाव शांत असताना पाण्याकडे पाहा. विवेकानंदांच्या पुतळ्याच्या आसपास ऊन असे लखलखते की डोळे मिटावे लागतात. ते ऊन पाण्यात शिरलेले नसते, परत फिरलेले असते. उलट शहराबाहेर भाताच्या उभ्या शेताकडे पाहा. तेथे ऊन लखलखत नाही. पात्यांच्या दाटीत शिरलेला किरण एका पात्यावरून दुसऱ्यावर जातो आणि तेथेच जिरतो. कारखान्यांत सिलिकॉनचा पृष्ठभाग सूक्ष्म पिरॅमिडांनी खडबडीत करतात व वर एक निळसर लेप देतात, तो याचसाठी.

दुसरे न्यून अधिक खोल आहे, शब्दशः खोल. सिलिकॉनला प्रकाश गिळावयास वेळ लागतो. निळा प्रकाश वरच्या थरातच संपतो, परंतु तांबडा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश पुष्कळ आत जातो. तो सारा पकडावयाचा तर चकती जाड हवी; आजही ती एक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढी असते. चकती जाड म्हणजे इलेक्ट्रॉनाला सीमेपर्यंतचा प्रवास लांब. वाटेत एखादा मलिन अणू भेटला की इलेक्ट्रॉन तेथेच अडकून नाहीसा होतो. म्हणून सिलिकॉन अतिशय शुद्ध हवे, आणि शुद्धतेला पैसा लागतो. प्रकाशासाठी जाड हवे आणि इलेक्ट्रॉनासाठी पातळ हवे, असा हा पेच आहे.

येथे सूक्ष्मतारांचा प्रवेश होतो. शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीची आणि तिच्या कित्येक पट उंचीची सिलिकॉनची काडी, ही सूक्ष्मतार. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे अशा कित्येक शे तारा शेजारी शेजारी मांडाव्या तेव्हा एका केसाची जाडी भरेल. नॅनो या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ खुजा, बुटका. आपल्याकडे वामन म्हणतात तसा.

तारांचे असे दाट रान उभे केले की पहिला प्रश्न भाताच्या शेताप्रमाणे सुटतो. किरण आत शिरतो आणि बूढापाऱ्याच्या गल्ल्यांत शिरलेल्या नवख्या पाहुण्याप्रमाणे त्याला बाहेरची वाट सापडत नाही. बर्कलीच्या गार्नेट आणि यांग यांनी २०१० साली मोजून दाखविले की, तारांच्या रानात प्रकाशाची वाटचाल ७३ पटींपर्यंत लांबते. असे सिलिकॉन डोळ्यांना काळेकुट्ट दिसते.

दुसरा पेच कसा सुटतो, हे समजावयास आम्हाला थोडा वेळ लागला आणि अखेर मुंबईची चाळ कामी आली. जुना लांबलचक वाडा डोळ्यांसमोर आणा. एका मागून एक सात खोल्या, आणि दार एकच, पुढचे. शेवटच्या खोलीतील माणसाला बाहेर पडावयाचे तर सहा खोल्या ओलांडणे आले. आता चाळ पाहा. तीही तितकीच लांब, पण तिला कडेने सज्जा आहे. कोणत्याही खोलीतील माणूस दोन पावलांत सज्ज्यावर येतो. सूक्ष्मतारेत फॉस्फरसचा आणि बोरॉनचा भाग वर-खाली न ठेवता, आतला गाभा एकाचा आणि भोवतालची साल दुसऱ्याची अशी रचना केली की तारेच्या संपूर्ण उंचीभर सीमा कडेलाच येते. प्रकाश उभा खाली उतरत जातो, त्याला हवी तेवढी लांबी मिळते. इलेक्ट्रॉन मात्र आडवा, दोन पावलांत बाहेर पडतो. सिलिकॉन थोडे मळके असले तरी मग चालते, कारण अडखळावयास वाटच उरत नाही. कॅलिफोर्नियातील केज, ॲटवॉटर आणि लुइस यांनी २००५ साली हे गणिताने मांडले. २००७ साली हार्वर्ड येथे लीबर यांच्या गटाने अशी एकच तार घेऊन तिचा सौरघट करून दाखविला.

त्या एका तारेने किती वीज दिली असेल? जास्तीत जास्त दोनशे पिकोवॅट. आम्ही हिशेब करून पाहिला. एक वॅट हवा तर अशा पाच अब्ज तारा लागतील, आणि या सभागृहातील नऊ वॅटचा एक दिवा लावावयाचा तर पंचेचाळीस अब्ज. कार्यक्षमता होती ३.४ टक्के.

आता या तारा तयार कशा होतात हे सांगितले पाहिजे, कारण खरी गंमत तेथे आहे. मार्ग दोन आहेत. एक पेरण्याचा, दुसरा कोरण्याचा.

पेरण्याची रीत १९६४ साली बेल प्रयोगशाळेतीलच वॅग्नर आणि एलिस यांनी सांगितली. सोने वितळावयास १,०६४ अंश उष्णता लागते आणि सिलिकॉनला १,४१४ अंश. परंतु दोहोंचे योग्य प्रमाणात मिश्रण झाले की ते अवघ्या ३६३ अंशांवर वितळते. पृष्ठभागावर सोन्याचे अतिसूक्ष्म थेंब ठेवावयाचे आणि वरून सिलेन नावाचा, सिलिकॉन व हायड्रोजन यांचा वायू सोडावयाचा. वायूतील सिलिकॉन थेंबात विरघळू लागते. साखरेचा पाक करताना साखर प्रमाणाबाहेर गेली की ती जशी तळाशी दाण्यांच्या रूपाने बसते, तसे थेंबात न मावणारे सिलिकॉन थेंबाच्या बुडाशी स्फटिकरूपाने साठू लागते. साठत साठत त्याची काडी होते, आणि थेंब डोक्यावर घागर घ्यावी तसा तिच्या टोकावर वर वर चढत जातो. थेंब जेवढा, तेवढीच तारेची जाडी. हे चित्र ऐकले तेव्हा आम्ही त्या कन्येस पुन्हा एकदा सांगावयास लावले होते.

येथे अडचण सोन्याचीच. तारेत राहून गेलेले सोन्याचे अणू इलेक्ट्रॉनांना गिळतात. सौरघटाच्या दृष्टीने सोने हे विष आहे. म्हणून दुसऱ्या धातूंचा शोध सुरू झाला. या शोधात आपली मराठी माणसे आहेत, हे सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. राजीव दुसाने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सोन्याऐवजी कथिल वापरले. कथिल २३२ अंशांवरच वितळते आणि सिलिकॉनला सोन्याइतके बाधत नाही. शिवाय वायू फोडण्यासाठी सारी भट्टी तापविण्याऐवजी त्यांनी टंगस्टनची एक तार लालपिवळी तापवून तिच्यावरून सिलेन सोडला, त्यामुळे खालचा पृष्ठभाग मानाने थंड राहतो आणि तारा साध्या काचेवरही वाढविता येतात. तापल्या तारेच्या याच रीतीने सिलिकॉनचे पातळ थर बनविण्याचे काम पुणे विद्यापीठाच्या ऊर्जा अध्ययन विभागात प्रा. संदेश जाडकर यांच्याकडे झाले आहे. पुण्यात सौरऊर्जेच्या अभ्यासाला वळण लावण्यात कुलगुरुपद भूषविलेले डॉ. वि. ग. भिडे यांचा मोठा वाटा होता. पवईला २०१० साली सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही सुरू झाले.

दुसरी रीत कोरण्याची. वेरूळचे कैलास लेणे कोणी दगडावर दगड रचून बांधले नाही. अखंड कातळ वरून खाली कोरीत गेले, आणि नको ते काढून टाकल्यावर मंदिर उरले. तसेच येथे. सिलिकॉनची चकती सिल्व्हर नायट्रेट आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवितात. चांदीचे कण तिच्यावर बसतात, आणि जेथे कण तेथे आम्ल सिलिकॉनला खाली खाली कुरतडीत जाते. कणांच्या मधले जे उरते त्या तारा. मग चांदी धुऊन काढतात. २००२ च्या सुमारास बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात ही रीत प्रसिद्धीस आली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही तिच्यावर चांगले काम केले आहे. भट्टी नको, निर्वात पात्र नको, मोरीएवढी जागा पुरे. मात्र ते आम्ल भयंकर आहे. कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत जाते. आपल्या चिरंजीवांपैकी कोणी शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी हा प्रयोग घरी करण्याचा विचार करीत असेल, तर त्यास आत्ताच आवरावे.

एवढे सारे अनुकूल असताना घोडे अडले कोठे? पुन्हा चाळीकडे येऊ. चाळीचा सज्जा ही जशी सोय, तसाच तो धोका. जेवढा सज्जा लांब तेवढा कठडा लांब, आणि कठडा जागोजागी मोडका असेल तर माणसे खाली पडणारच. सूक्ष्मतारांच्या रानाचा एकूण पृष्ठभाग सपाट चकतीच्या कित्येक पट असतो, आणि स्फटिकाच्या पृष्ठभागावर अणूंचे तुटके हात लोंबत असतात. ते इलेक्ट्रॉनांना पकडून नष्ट करतात. प्रकाश अडविण्यात जे मिळविले ते पृष्ठभागावर गमाविले, असा प्रकार. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेला ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचे अतिशय पातळ अस्तर देणे, म्हणजे कठडा दुरुस्त करणे. ते होते, पण वेळ आणि पैसा खाते. केवळ तारांनी बनलेले, काचेवर वाढविलेले सौरघट फ्रान्समधील एकोल पॉलिटेक्निकच्या चमूने बरीच वर्षे खपून नऊ टक्क्यांच्या पलीकडे नेले. नऊ टक्के! आमच्या उपसूचनेच्या वेळी बाजारात वीस टक्क्यांचे सौरपट सर्रास मिळत होते. म्हणजे कोणी आपल्याला तारांचे सौरपट फुकट दिले असते तरी दहा किलोवॅटसाठी पन्नास चौरस मीटरऐवजी एकशे दहा चौरस मीटर जागा लागली असती, आणि आपली गच्ची तेवढी नाही. हा हिशेब त्रैराशिकाचा आहे. तो आम्ही त्या वार्षिक सभेत केला नाही.

दुसरा अडसर बाजारभावाचा. या संशोधनास जोर चढला तो २००४ नंतर, कारण तेव्हा शुद्ध सिलिकॉनचा दुष्काळ पडला होता. २००८ च्या सुमारास त्याचा भाव किलोला चारशे डॉलरच्या वर गेला. तेव्हा थोड्या सिलिकॉनमध्ये भागविणे ही मोठी गोष्ट होती. कॅलिफोर्नियाच्या गटाने २०१० साली दाखविले की, जरा जाड, मायक्रोमीटरच्या घरातील तारा जागेच्या पाच टक्क्यांहून कमी भाग व्यापूनही दिवसभराच्या उपयुक्त उन्हापैकी ८५ टक्क्यांपर्यंत ऊन पकडतात, आणि त्यांना सिलिकॉन लागते नेहमीच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. परंतु याच सुमारास जगभर नवे कारखाने उभे राहिले आणि काही वर्षांत भाव वीस डॉलरच्याही खाली कोसळला. आमच्या कचेरीत असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. वस्तू महाग म्हणून काटकसरीची योजना मंजुरीस जाते, आणि मंजुरी येईपर्यंत वस्तूच स्वस्त झालेली असते.

म्हणून हे संशोधन वाया गेले असे मात्र कोणी समजू नये. तारा आखूड करून, जाड चकतीच्या केवळ वरच्या अंगावर त्यांचे लव्हाळे राखले तर त्यास काळे सिलिकॉन म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२ साली अशा घटातून, वरचा निळा लेप न देता, १८.२ टक्के मिळविले. फिनलंडमध्ये २०१५ साली ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अस्तर देऊन आणि सर्व विद्युतजोड मागल्या बाजूस नेऊन २२.१ टक्के. पुढे काही वर्षे चीनमधील कारखान्यांत चांदीच्या कोरण्याची हीच रीत एका विशिष्ट प्रकारच्या चकत्यांसाठी प्रत्यक्ष वापरली गेली, आणि त्या चकत्याच मागे पडल्या तेव्हा तीही ओसरली. २००८ साली स्टॅनफर्ड येथे यी क्वी यांनी दाखविले की, बॅटरीत सिलिकॉनच्या तारा वापरल्या तर त्या लिथियम शोषून तिपटी-चौपटीने फुगतात, तरी फुटत नाहीत. वस्तू घडवावी एका कामासाठी आणि ती उपयोगी पडावी दुसऱ्याच, हे स्वयंपाकघरातही घडते.

जाता जाता छत्तीसगडच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. आपण भाताच्या कोठारात राहतो. शंभर किलो भात सडला की सुमारे वीस किलो तूस निघते. ते जाळले की चार किलोंच्या आसपास राख उरते आणि तिच्यात नऊ-दशांश सिलिका असते. भाताचे रोप ती जमिनीतून शोषून आपल्या तुसात साठविते. त्या सिलिकेत शुद्ध सिलिकॉन दीड किलोच्या वर भरेल. तुसापासून सिलिकॉन काढण्याचे प्रयोग भारतात १९८० च्या दशकातच झाले होते, आणि २०१३ साली कोरियातील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्यापासून बॅटरीसाठी सूक्ष्म सिलिकॉन बनविले. गिरणीमागे पडलेला तुसाचा ढीग आम्ही हल्ली निराळ्या नजरेने पाहतो, एवढेच सांगतो. कारखाना काढा असे सुचवीत नाही. आमच्या सूचनांचा अनुभव आपण एकदा घेतला आहे.

सूक्ष्मतारांच्या नावावर होणाऱ्या व्यापाराविषयी मात्र सावध करणे अवश्य आहे. गेल्या पावसाळ्यात एक विक्रेते आमच्या घरी आले. त्यांच्याजवळ 'नॅनो' नावाचे सौरपट होते. नेहमीच्याच, दोन चौरस मीटरच्या आकारात एक हजार वॅट देतात म्हणाले. त्यांचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. पडताळा कसा पाहावा तेवढे सांगतो. कडक उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट शक्ती पडते, आणि सौरपटांवरील आकडा याच मापाने ठरवितात. दोन चौरस मीटरवर दोन हजार. त्यातून एक हजार काढले म्हणजे कार्यक्षमता पन्नास टक्के झाली. आता एकट्या सिलिकॉनची निसर्गानेच घातलेली कमाल मर्यादा २९.४ टक्के आहे. प्रयोगशाळेतील विक्रम सत्तावीसच्या वर पोहोचला आहे. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा दुसरा थर देऊन चौतीसच्या पलीकडे गेलेले घट आहेत, तेही अगदी लहान. पन्नास टक्के सिलिकॉनमधून निघत नाहीत, मग ते तारांचे असो वा चकतीचे. आम्ही हे त्या गृहस्थांना पाटीवर मांडून दाखविले. ते चहा घेऊन गेले.

आणखी एक भ्रम आमच्या मनात होता तोही सांगून टाकतो. आम्हाला वाटे, नव्या तारांवर आपल्याकडची काजळी बसणार नाही. उरला-सिलतराच्या बाजूने वारा आला की सकाळी गच्चीवर पावलांचे काळे ठसे उमटतात, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. परंतु तारा असोत वा चकत्या, त्या काचेखालीच असतात. काजळी काचेवर बसते आणि काच आपल्यालाच पुसावी लागते. उन्हाचेही तसेच. मे महिन्यात हवा पंचेचाळीस अंशांवर जाते तेव्हा सौरपट पासष्ट-सत्तरपर्यंत तापतो, आणि पंचवीसच्या वरच्या प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का शक्ती घटते. म्हणजे भर दुपारी पंधरा टक्के गेली. म्हणून सौरपट गच्चीला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल असे उंचावर बसवावेत, आणि पाण्याचा नळ गच्चीवर न्यावा. नागपूरला जाता-येता ज्या राजनांदगाववरून आपण हजार वेळा गेलो, त्या जिल्ह्यात २०२४ साली शंभर मेगावॅटचे सौरकेंद्र राष्ट्रार्पण झाले. सोबत १२० मेगावॅट-तासांची बॅटरी आहे. ते सारे साध्या सिलिकॉनच्या चकत्यांवर चालते. त्यांनी कोणासाठी थांबून राहण्याचे कारण पाहिले नाही.

येत्या रविवारी कार्यकारिणीपुढे जुना ठराव पुन्हा येत आहे. तीन वर्षांपूर्वीची उपसूचना आम्ही लेखी मागे घेतली आहे, आणि सौरपटांच्या साफसफाईचे काम पहिले वर्षभर आमच्याकडे असावे अशी विनंतीही त्यात केली आहे. सकाळी तलावाची फेरी झाली की जिना चढणे प्रकृतीला हितकारकच. काम वेळेवर झाले तर एप्रिलात वाचनालयाचे दार दुपारी उघडे राहील.

व्याख्यान संपल्यावर मुलांनी पुढे यावे. त्या कन्येने पवईहून एक लहानशी डबी पाठविली आहे. तिच्यात सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा आहे; अर्धा चकचकीत, आरशासारखा, आणि अर्धा कोरलेला, काजळासारखा काळा. काळ्या भागात किती तारा असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. तुकडा डबीतच राहू द्यावा आणि त्याला बोट लावू नये. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने तारांचे रान आडवे होते, आणि मग तेथे पुन्हा चकाकी दिसू लागते.